कप्तानाची पत

बँकेत जशी पत लागते, तशी ती क्रिकेटच्या कप्तानालाही लागते. ती त्याला खेळाडूंनी, निवड समितीनं आणि लोकांनी दिलेली असते. ही पत कशी वाढते आणि कशी आटते, हे अजित वाडेकरांच्या कारकिर्दीत छान दिसतं. योगायोग असा, की वाडेकर स्वतः स्टेट बँकेत नोकरीला होते.

१९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतामुळे पतौडींच्या जागी वाडेकर कप्तान झाले. म्हणजे सुरुवातच एका मताच्या भांडवलावर! पण त्याच वर्षी आपण वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये प्रथमच मालिका जिंकल्या. किंग्स्टनला पहिला दिवस पावसात वाहून गेला. अशा वेळी फॉलोऑनला दीडशे धावांची आघाडी पुरते, हे लक्षात ठेवून वाडेकरांनी सोबर्सच्या संघाला पुन्हा फलंदाजीला बोलावलं. पोर्ट ऑफ स्पेनला चेंडू सलीम दुराणींकडे दिला, आणि दुराणींनी सोबर्स व लॉइड दोघांनाही बाद केलं. ओव्हलवर चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेतले. पुढे १९७२-७३मध्ये मायदेशी इंग्लंडला २-१ असं हरवलं. त्या काळात वाडेकरांच्या अबोलपणाला लोक ‘थंड डोकं’ म्हणत.

मग आलं १९७४. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांच्या मुंबई संघाची रणजी करंडकातली सलग पंधरा वर्षांची सद्दी कर्नाटकनं मोडली. उन्हाळ्यात इंग्लंडचा दौरा होता. १९७१चे कसोटी सामने जुलै-ऑगस्टमध्ये झाले होते, या वेळी ते जूनपासून सुरू झाले. हवा गार, खेळपट्ट्या ओलसर. वाडेकरांची सारी मदार फिरकीवर, आणि तिला तिथं साथच मिळेना. लॉर्ड्सवर चंद्रशेखर जखमी झाला, इंग्लंडनं ६२९ धावा कुटल्या आणि फॉलोऑननंतर आपला संघ १७ षटकांत ४२ धावांत गारद झाला. मालिका ०-३ अशी गेली. बेदींशी असलेल्या मतभेदांची चर्चाही चव्हाट्यावर आली. कालचं ‘थंड डोकं’ आता ‘थंडपणा’ ठरलं.

आता हिशेब पाहा. वाडेकरांनी एकूण १६ कसोटींत नेतृत्व केलं. पहिल्या तेरांमध्ये चार विजय आणि फक्त एक पराभव. शेवटच्या तीनही हरल्या. या तिनांनी त्या तेरांची जमा पुसून टाकली. इंदूरला विजयाची आठवण म्हणून उभारलेल्या बॅटला लोकांनी काळं फासलं. पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरांना वगळलं आणि त्यांनी निवृत्ती पत्करली.

कप्तानाचं काही चुकत नाही, असं मी म्हणत नाही. फिरकी चालली नाही तर काय, याचं उत्तर त्या दौऱ्यावर सापडलं नाही, हे खरंच. पण ऋतू, दुखापत आणि ड्रेसिंग रूममधली दुफळी यांचं सारं देणं आपण एकाच माणसाच्या खात्यावर मांडतो. जिंकल्यावर सगळं श्रेय त्याच्या एकट्याच्या नावावर जमा केलेलं असतं, म्हणून हरल्यावर वसुलीही त्याच्याकडूनच होते.

वाडेकर २०१८ साली गेले. त्याआधी, १९९३मध्ये, भारतानं मायदेशी इंग्लंडला ३-० असं हरवलं, तेव्हा संघाचे व्यवस्थापक वाडेकरच होते. १९७४चं देणं त्यांनी असं चुकतं केलं. काळं फासणाऱ्यांचं देणं मात्र तसंच राहिलं.