इपॉक्सीच्या जमिनीवरचे फुगे

इपॉक्सीच्या जमिनीवर फुगे आले की पहिला ठपका लेप ओढणाऱ्या कारागिरावर बसतो. बऱ्याचदा तो अन्याय असतो, कारण फुग्याचे मूळ लेपाखालच्या काँक्रीटमध्ये असते. म्हणून दुरुस्तीआधी फुगा हवेचा की पाण्याचा हे ठरवावे लागते.

हवेचा फुगा बारीक असतो आणि फुटल्यावर टाचणीच्या टोकाएवढे भोक राहते. काँक्रीट भरीव दिसले तरी त्यात सूक्ष्म छिद्रांचे जाळे असते. सकाळी पत्र्याच्या शेडखाली जमीन तापू लागली की छिद्रांतली हवा प्रसरण पावते, वर येते आणि ओल्या लेपात अडकते. जाणते कारागीर म्हणूनच प्रायमर दुपार कलल्यावर मारतात. निवत्या जमिनीत हवा आकसते आणि प्रायमर आत शोषला जातो. रेझिन आणि हार्डनर भरधाव घुसळले तरी हवा मिसळते. ती काटेरी रोलरने काढता येते, पण लेप पातळ असेपर्यंतच. उन्हाळ्यात मिश्रण बादलीतच तापून लवकर घट्ट होते. त्यानंतर रोलर फिरवला तर काट्यांचे वळ तेवढे उरतात.

पाण्याचा फोड काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उठतो. येथे साइटवर हमखास ऐकू येणारा आकडा म्हणजे 28 दिवस. काँक्रीटला 28 दिवस झाले, आता लेप मारा, असे सांगितले जाते. पण 28 दिवस हा काँक्रीटची ताकद मोजण्याचा ठराव आहे, ते वाळल्याचा दाखला नव्हे. खाली ओल अडवणारा प्लास्टिकचा थर नसेल तर जमिनीतला ओलावा वर्षानुवर्षे वर चढत राहतो, आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तर 28 दिवसांचा हिशेब अगदीच पोकळ ठरतो. साधी परीक्षा अशी: साधारण 45 सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना टेपने चिकटवून किमान 16 तास ठेवायचे. प्लास्टिकखाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडले तर थांबायचे.

दुरुस्तीची खरी कसोटी फोड शोधताना लागते. कारागीर गुडघ्यांवर बसून खरवडणीच्या मुठीने जमीन ठोकत इंच-इंच सरकतो. घट्ट धरलेला लेप टणक आवाज देतो, सुटलेला पोकळ वाजतो. आवाज बदलला की तो खडूची खूण करतो, आणि ही खूण डोळ्यांना दिसणाऱ्या फोडापेक्षा बहुधा बरीच मोठी निघते. या कामात कानाइतके भरवशाचे दुसरे साधन नाही. फोड कापल्यावर आत चिकट पाणी निघाले तर ते क्षारयुक्त असू शकते. त्याला उघड्या हाताने शिवू नये.

हवेच्या भोकांवर नुसता नवा लेप ओतला तर त्याच जागी पुन्हा भोके पडतात. आधी पृष्ठभाग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासायचा, धूळ व्हॅक्यूमने ओढायची, मग सिलिकाची पूड घालून घट्ट केलेले इपॉक्सी पोलादी थापीने भोकांत दाबून भरायचे. ते वाळल्यावर वरचा लेप.

पाण्याच्या फोडाला एवढे पुरत नाही. खडूच्या खुणेच्या आतला लेप कापून, पक्का धरलेला भाग लागेपर्यंत मागे जाऊन, काँक्रीट ग्राइंडरने उघडे करावे लागते. ग्राइंडरने उडणारी काँक्रीटची धूळ फुप्फुसांसाठी घातक असते, तरी कारागिराच्या तोंडावर अनेकदा नुसता रुमाल असतो; योग्य मास्क देणे ही ठेकेदाराची जबाबदारी आहे. उघड्या जागेवर ओल सहन करणारा इपॉक्सी-सिमेंटचा थर देऊन मग लेप जोडतात. खालची ओल साऱ्या जमिनीभर असेल तर ठिगळे लावण्यात अर्थ नाही, संपूर्ण लेपच काढावा लागतो.

नवा लेप देताना जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश सेल्सिअसने जास्त हवे, नाहीतर पृष्ठभागावर दव धरते. साधारण 24 तासांनी त्यावर चालता येते. फोर्कलिफ्ट किंवा रसायनांसाठी बहुतेक उत्पादने सुमारे 7 दिवस मागतात.