कुप्याची वंशावळ

आमच्या घराण्यात माशाला नाही म्हणणारा पुरुष अजून जन्मायचा आहे. त्यामुळे अ‍ॅडलेडला भाचीने ताटात ट्यूनाची, म्हणजे आपल्या कोळणी ज्याला कुपा म्हणतात त्याच्या थोरल्या भावाची, तुकडी वाढली आणि मी हात आखडला, तेव्हा ती घाबरलीच.

“मामा, बरं वाटत नाही का?”

“मी बरा आहे. पण हा मासा संपत आलाय, असं वाचलं होतं.”

वाचलेले खोटे नव्हते. निळ्या परांचा हा दक्षिणी ट्यूना साऱ्या जगात एकाच ठिकाणी अंडी घालतो, जावा बेटाच्या दक्षिणेला. पिले पुढे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर येतात. वयात यायला त्यांना आठ-दहा वर्षे लागतात. १९६१ च्या सुमारास वर्षाला ८० हजार टन मासा काढला जाई. २०१० च्या सुमारास अंडी घालणारे मासे मूळच्या जेमतेम ५ टक्के उरल्याचा अंदाज होता.

आमचे जावईबापू संख्याशास्त्र शिकवतात. ते म्हणाले, “पण मामा, समुद्रातले मासे मोजायचे कसे?”

पूर्वी गळाला किती लागले, त्यावरून हिशेब करीत. पण नाखवा हुशार झाला, तर मासे घटूनही होडी भरतेच. शिवाय पकडलेला मासा कमी सांगितला, तर सारे गणितच कोसळते. २००६ साली तसे उघडकीसही आले!

तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या सी. एस. आय. आर. ओ. या संशोधनसंस्थेत मार्क ब्रॅव्हिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळीच युक्ती काढली. समजा, लग्नाच्या कार्यालयात एका खोलीत वीस मुले खेळताहेत. बाहेर वीस मोठ्या माणसांना विचारा, “आत तुमचं मूल आहे का?” दर दुसरा ‘हो’ म्हणाला, तर पाहुणे थोडे, एखादाच म्हणाला, तर गर्दी मोठी. कारण प्रत्येक मुलाला आईबाप दोनच!

माशाला विचारता येत नाही, पण त्याच्या मांसाचा कण उत्तर देतो. पोर्ट लिंकनची पिले आणि बाली बेटावर उतरवलेले मोठे मासे मिळून सुमारे १४ हजारांचे डी. एन. ए. तपासले. पालक-पिलांच्या जोड्या जुळल्या अवघ्या ४५! म्हणजे आईबाप वाटले होते त्याहून पुष्कळ होते. २०१६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

“मग मारावा ताव!” मी म्हणालो.

“तिथंच तर मेख आहे,” जावई हसले. मासा धरणाऱ्या देशांनी आधी धरायचा वाटा कमी केला आणि २०११ साली एक नियम ठरवला : शास्त्र मोजील, त्या मोजणीवरून सूत्राने तीन वर्षांचा वाटा निघेल, मग घासाघीस नाही. पगार हाती येण्याआधीच घरखर्च ठरवावा, तसे. आता या मोजणीत वंशावळीचाही आधार घेतात. २०२३ च्या मोजणीत अंडी घालणारे मासे मूळच्या २३ टक्क्यांवर आले होते. २०३५ पर्यंत ३० टक्के गाठायचे आहेत.

मी तुकडी खाल्ली. अप्रतिम होती. दुसरी वाढायला भाची पुढे झाली, तेव्हा मात्र मी ताटावर हात आडवा धरला.

“का हो मामा? एवढ्यात कोटा संपला?”

“संपला नाही,” मी म्हणालो, “तुझ्या नातवंडांसाठी शिल्लक ठेवला.”