वेगळी पत्रावळ



संत्र्याच्या बुंध्यावर डिंक ओघळताना दिसला, की आपल्यापैकी कोणी लगेच कुऱ्हाड घेऊन बागेत जात नाही. आपण सडलेली साल खरडतो, १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी ह्यांचा बोर्डो मलम लावतो, बुंध्याशी पाणी साचू देत नाही. वेळेवर केले तर झाड वाचते आणि पुढे कित्येक बहार देते. शेजाऱ्यापासूनही आपण हे लपवीत नाही, उलट मोरचूद आहे का म्हणून त्यालाच विचारतो. माणसाच्या एका रोगाचे मात्र तसे नाही. त्याचे नाव घेताना अजून आपला आवाज खाली येतो. तो रोग म्हणजे एड्स.

आधी माझीच चूक सांगतो. पूर्वी मी ज्या गावी होतो, तेथे मुलांच्या प्रथम ख्रिस्तप्रसादानंतर जेवणाची पंगत बसली होती. सर्वांना स्टीलच्या ताटांत वाढले. एका विधवा बाईला मात्र भिंतीकडेला बसवून पत्रावळीवर वाढले आणि पाणी प्लास्टिकच्या पेल्यात दिले. तिचा नवरा कशाने गेला हे गावाला ठाऊक होते. मी ते पाहिले, आणि यजमानांचा विरस नको म्हणून गप्प राहिलो. पुढच्या रविवारी ती मिस्सेला आली नाही, त्यापुढेही आली नाही. त्या दिवशी मी माझे ताट उचलून तिच्याजवळ जाऊन बसलो असतो, तरी पुरे होते.

गप्प न राहिलेल्या एका आईची हकीकत मला नंतर वाचायला मिळाली. ती गोव्याची. म्हापशाजवळच्या पर्रा गावात डॉमिनिक डिसोझा नावाचा कॅथलिक तरुण राहत असे. तो नेमाने रक्तदान करी. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्हीचा विषाणू आढळला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला नेले आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या, ओस पडलेल्या इस्पितळात पहाऱ्यात ठेवले. गुन्हा काही नव्हता. अशा माणसाला वेगळे कोंडून ठेवण्याची तरतूद तेव्हा गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच होती.

त्याची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. तो खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. जरा विचार करा. त्या काळी ह्या रोगाचे नुसते नाव ऐकून लोक दारे लावून घेत, आणि ही बाई, हा माझा मुलगा आहे, असे भर कोर्टात सांगत होती. डॉमिनिकचे मित्रही उघडपणे त्याच्या बाजूने उभे राहिले. ६४ दिवसांनी तो सुटला. न्यायालयाने कायदा काही रद्द केला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण घरी आलेला डॉमिनिक तोंड लपवून बसला नाही. आपल्यासारख्या इतरांसाठी तो बोलत राहिला, आणि १९९२ साली त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली. त्याच वर्षी मे महिन्यात तो वारला. आजच्यासारखी औषधे त्या वेळी नव्हती.

हा रोग म्हणजे पापाची शिक्षा, असे मला पुष्कळदा ऐकवले जाते. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढून वाचा. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला नेमके हेच विचारले होते, की पाप कोणाचे? प्रभूने तो हिशेब मांडलाच नाही, त्या माणसाला डोळे दिले. कुष्ठरोग्याला तर त्याने बरे करण्याआधी हात लावला. १९८७ साली पोप दुसरे जॉन पॉल सॅन फ्रान्सिस्कोला गेले असता त्यांनी एड्स झालेल्या एका लहान मुलाला सर्वांदेखत कवटाळले. त्या मुलाला तो रोग दुसऱ्याचे रक्त चढवल्यामुळे झाला होता.

आता आरोग्याचे बोलू. हा विषाणू निरोधाशिवाय आलेल्या शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, एकमेकांच्या वापरलेल्या सुयांतून आणि आईकडून बाळाला होतो. ताट, पेला, विहीर, खाट, डास, हस्तांदोलन ह्यांतून तो होत नाही. सरकारी दवाखान्यांतून २००४ पासून ह्याची औषधे फुकट मिळू लागली. रोग मुळासकट जात नाही, पण गोळ्या रोज, न चुकता घेतल्या तर माणूस वावरात राबतो, म्हातारा होतो. रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला होत नाही. गरोदर बाईने वेळेवर औषध सुरू केले तर बाळ बहुधा निरोगी जन्मते. म्हणून गरोदरपणी तपासणी कराच. नवऱ्यानेही करावी. हे मी मुद्दाम लिहितो, कारण दोष नेहमी बायकोच्या पदरात टाकला जातो.

कायदाही आता बदलला आहे. २०१७ सालचा एचआयव्ही व एड्सविषयीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शाळा, उपचार किंवा भाड्याचे घर ह्यांत अशा माणसाशी भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे. संमतीवाचून तपासणी करता येत नाही. अठरा वर्षांखालील लेकराला राहत्या घरातून काढता येत नाही. दिराने वा सासऱ्याने तसे केले, तर तो घरगुती मामला म्हणून सोडून देऊ नका.

एक सावधगिरी मात्र हवी. त्यांच्या बाजूने बोलणे वेगळे आणि त्यांच्याविषयी बोलणे वेगळे. कोणाला काय झाले आहे हे चौकात किंवा प्रार्थनेच्या निमित्तानेही सांगू नका. ते सांगायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आपण बोलायचे ते पंगतीत वेगळी पत्रावळ मांडली जाते तेव्हा, संत्रा तोडायच्या टोळीतून कोणाला वगळले जाते तेव्हा, मयतीला खांदा द्यायला माणसे मागे सरतात तेव्हा.

माहितीसाठी १०९७ ह्या क्रमांकावर फुकट फोन करता येतो. तपासणीला किंवा औषधाला जाताना कोणाची सोबत हवी असेल, तर मिस्सेनंतर मला भेटा. कशासाठी जायचे ते मी कोणाला सांगणार नाही.