जुनी पॉलिसी मोडली, नवी आली नाही. मधल्या चार महिन्यांचं काय?



बंदीचे दिवस म्हणजे जाळी दुरुस्त करायचे, इंजिन उघडायचे आणि ट्रंकेतले कागद बाहेर काढायचे दिवस. १ जून ते ३१ जुलै मशीनच्या होड्या किनाऱ्याला असतात, त्यामुळे माणसं सोसायटीत निवांत येऊन बसतात. गेल्या बंदीत सगळ्यांत जास्त कागद आले ते विम्याचे. त्यातल्या एका प्रकरणात आम्ही स्वतः धावपळ केली. त्या सभासदाला विचारून, नाव न घालता, ते इथे लिहीत आहोत.

हा सभासद तांडेल, वय ४६. चौदा वर्षं हप्ते भरलेली बचतीची पॉलिसी, विमा रक्कम दोन लाख. एप्रिलच्या शेवटी ओळखीचा एजंट म्हणाला, "दादा, दोन लाखांत आज काय होतं? ही मोडा, टर्म प्लॅन घ्या, पंचवीस लाखांचं कव्हर. मी बदलून देतो." सल्ला मुळात वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. दोन लाखांत घरच्यांचं दोन वर्षंही भागत नाही. घोटाळा झाला तो "बदलून देतो" या शब्दांत.

आयुर्विम्यात बदलून मिळणं हा प्रकारच नाही. आरोग्य विमा एका कंपनीतून दुसरीकडे पोर्ट करता येतो, आयुर्विम्याला ती सोय नाही. जुनी सरेंडर करायची हा एक अर्ज, नवी मागायची हा वेगळा अर्ज. एक कंपनी दुसरीसाठी थांबत नाही. आमच्या तांडेलाने आधी सरेंडरचा अर्ज दिला आणि तिथेच चुकलं.

मूळ बॉण्ड पावसाच्या ओलीने चिकटून गेलेला. मग स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, नोटरी. ते दिलं तर नावाचा प्रश्न. बॉण्डवर मधे वडिलांचं नाव, आधारवर नाही, आणि आडनावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. गोव्यात हे दर दुसऱ्या घरात आहे: जन्मदाखल्यावर एक, शाळेत दुसरं, आधारवर तिसरं. प्रतिज्ञापत्र केलं. मग बँक. बँका एकत्र झाल्या तेव्हा आयएफएससी कोड बदलला होता, अर्जात जुनाच लिहिलेला. वैताग याचा, की या तीन चुका कोणी एकदम सांगत नाही. एक निस्तरून गेलं की दुसरी काढतात. पैसे जमा झाले सातव्या आठवड्यात.

नव्या पॉलिसीची गोष्ट याहून वाईट. एजंटाने फॉर्म मोबाईलवर भरला. सभासदाने त्याची प्रत आम्हाला पाठवली म्हणून बरं. धंदा या रकान्यात लिहिलं होतं 'व्यापार'. अहो, हा माणूस रात्री खोल दर्यात असतो! एजंटाला विचारलं तर म्हणे, मासेमारी लिहिली की हप्ता वाढतो. वाढू दे ना. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत कंपनी खोट्या किंवा लपवलेल्या माहितीवरून बोट ठेवू शकते. तीन वर्षांनंतर नाही. जुन्या पॉलिसीची ती तीन वर्षं कधीच पार झाली होती. नवी घेतली की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. आणि अशा वेळी जाब विचारायला तांडेल नसतो, त्याची बायको असते.

फॉर्म पुन्हा भरला. मग रक्त तपासणी, त्यात साखर थोडी जास्त, म्हणून दुसरी तपासणी. त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, कंपनीने वाढीव हप्त्याला संमती मागणारं पत्र केव्हाच ईमेलवर पाठवलेलं. फॉर्मवर ईमेल होता एजंटाचा, आणि त्याने तो उघडलाच नव्हता.

३१ जुलै उजाडली. जेटीवर बर्फ, डिझेल, राशन चढत होतं. संध्याकाळी त्याची पत्नी सोसायटीत आली. म्हणाली, "सेक्रेटरी दादा, उद्या ते जातात. आज आमचा कुठला विमा चालू आहे?"

आम्ही कागद चाळत बसलो. जुना सरेंडरबरोबर संपला होता. नव्याचा पहिला हप्ता भरलेला, पण हप्ता भरला म्हणजे विमा चालू असं नसतं, कंपनीने प्रस्ताव मान्य केल्यावरच तो सुरू होतो. मत्स्य संपदा योजनेतल्या गट अपघात विम्याच्या यादीत त्याचं नाव होतं, म्हणजे अपघाती मृत्यूला पाच लाख. पण बोटीवर छातीत दुखून गेला तर तो अपघात नव्हे. उरली जीवन ज्योती. ती मेच्या शेवटी खात्यात पैसे नसल्याने तुटली होती.

त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही. बोट १ ऑगस्टला गेली, दोन फेऱ्या झाल्या, तो सुखरूप आला. पॉलिसी हातात पडली ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात.

तेव्हा मंडळी, नवा बॉण्ड हातात येईपर्यंत जुन्याचा हप्ता चालू ठेवा. दोन हप्ते एकदम जड जातात, ते आम्हाला ठाऊक आहे. पण वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात बरंच काम होतं. बंदीत पैशांची नड म्हणून कोणी मोडत असेल तर आधी पॉलिसीवर कर्ज मिळतं का ते विचारा. हप्ताच झेपत नसेल तर पॉलिसी पेड-अप होते का तेही विचारा. रक्कम कमी होते, पण कव्हर राहतं. हे एजंट सहसा आपणहून सांगत नाही, कारण कमिशन नव्या पॉलिसीत जास्त असतं. सगळेच तसे नसतात, तरी विचारावं. नवा बॉण्ड आल्यावर ३० दिवसांत तो परत करता येतो, म्हणून त्याच दिवशी धंदा, वय, नाव आणि वारस वाचून घ्या. कंपनीने दाद दिली नाही तर आधी तिच्याच तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. महिन्यात उत्तर नाही आलं तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही.

जीवन ज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० असे ४५६ रुपये मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात ठेवा. बंदीच्या तोंडावर खातं रिकामं होतं आणि नेमका तेव्हाच हप्ता कापला जातो. तुटली असेल तर वर्षाच्या मधेही घेता येते, वय १८ ते ५० हवं. पहिले ३० दिवस मात्र फक्त अपघाती मृत्यूलाच पैसे मिळतात.

पॉलिसी मोडायचा विचार असेल तर अर्ज देण्याआधी सोसायटीत या. बॉण्ड, आधार, पॅन आणि पासबुक आणा, मोबाईलवरचे फोटो नकोत, मूळ कागद. नावं जुळतात का ते आम्ही तिथेच बघून देऊ. आणि नव्या फॉर्मवर ईमेल आणि फोन नंबर स्वतःचा किंवा घरातल्या शिकलेल्या मुलाचा घाला.