भूक गेली, खा-खा राहिली

त्या पावसाळ्यात माझ्या मावसबहिणीच्या ओट्यावर दोन वस्तू कायम मांडलेल्या असत. औषध मोजायचं तीस मिलिलिटरचं प्लॅस्टिकचं माप आणि तिच्या मुलाचं जुनं मनगटी घड्याळ. मापात भाताची पेज किंवा मुगाचं कढण ओतायचं, घोट घोट करत दहा-पंधरा मिनिटांत संपवायचं, घड्याळ बघायचं, पुन्हा भरायचं. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी शेजारच्या घरात लसणीची फोडणी पडली आणि ही ओट्याला टेकून रडायला लागली.

"भूक नाहीये गं मला," ती म्हणाली. "खरंच नाहीये. मग मी रडतेय कशासाठी?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधत गेले तेव्हा कळलं की बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीबद्दल, म्हणजे वजनाच्या अशा ऑपरेशनांबद्दल, आपल्याकडे जे काही छापून येतं ते एक तर ऑपरेशनच्या टेबलापाशी संपतं, नाही तर थेट वर्षानंतरच्या फोटोपाशी सुरू होतं. मधले सहा-आठ आठवडे कुणी सांगत नाही. आणि सगळ्यात जास्त घडतं ते त्याच आठवड्यांत.

तिची झाली होती ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. पेशंट आणि डॉक्टर दोघंही नुसतं 'स्लीव्ह' म्हणतात. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडून, दुर्बिणीतून बघत, स्टेपलरने जठराचा फुगीर बाजूचा पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही थोडा जास्त भाग कापून बाहेर काढतात. उरते केळ्यासारखी एक नळी, शंभर-दीडशे मिलिलिटर मावेल एवढी. दुसरा रुळलेला प्रकार बायपासचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाशी लिंबाएवढी पिशवी ठेवून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली हा बायपास पहिल्यांदा केला. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला होता ते पेशंट नंतर बारीकच राहतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

पेशंट बारीक राहतात ते पिशवी लहान झाली म्हणून, असं तेव्हा वाटत होतं. खरी गोष्ट त्याहून गमतीची निघाली. १९९९ साली जपानमध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांना जठरातून रक्तात सुटणारं एक हॉर्मोन सापडलं, त्याचं नाव घ्रेलिन. जेवणाची वेळ जवळ आली की ते वाढतं, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला 'आता खा' म्हणून हाक देतं, आणि जेवल्यावर उतरतं. ते सर्वांत जास्त तयार होतं जठराच्या वरच्या घुमटासारख्या भागात, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. शिवाय जठर अरुंद झाल्यामुळे अन्न आतड्यात लवकर उतरतं आणि तिथून जीएलपी-१ सारखी 'बास झालं' सांगणारी हॉर्मोन जास्त सुटतात. हल्लीची वजनाची इंजेक्शनं नक्कल करतात ती याच जीएलपी-१ची. त्यामुळे बहिणीची भूक गेली होती हे अक्षरशः खरं होतं. हाक देणारा निम्म्याहून अधिक कारखानाच बंद पडला होता.

मग रडू कसलं? त्याआधी शरीराचं थोडं सांगते, कारण पहिल्या चार-सहा दिवसांत मनाला बोलायला सवडच मिळत नाही.

पहिला धक्का खांद्याचा. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो उजवा, कधी डावा खांदा! दुर्बिणीला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. राहिलेला वायू श्वासपटलाला खालून डिवचतो. श्वासपटलाची नस निघते मानेतून, खांद्याच्या कातडीची संवेदना जिथून येते त्याच मणक्यांच्या आसपासहून. मेंदूला तक्रार कुठून आली ते नीट कळत नाही, तो ती खांद्याच्या नावावर लिहून टाकतो. नर्सबाई "चला, चाला" म्हणून मागे लागतात ते थोडंफार त्यासाठी, पण मुख्य कारण पायांच्या शिरांचं आहे. पडून राहिलेल्या जाड शरीरात रक्ताची गुठळी होण्याचा धोका मोठा असतो, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. ऑपरेशनच्याच संध्याकाळी वॉर्डातल्या चार फेऱ्या म्हणजे औषधच. स्टेपलच्या शिवणीतून गळती होणं क्वचितच घडतं, पण ते ओळखता यायला हवं. नाडी १२०च्या वर जाऊन उतरेनाशी होणं, ताप, वाढत जाणारं पोटात दुखणं, धाप. यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये, सर्जनला फोन करावा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

मग येतं पाणी. दिवसाला दीड-दोन लिटर पोटात गेलं पाहिजे, आणि एका वेळी घ्यायचं ते मापभर, तीस मिलिलिटर. गणित करून बघा, पाणी पिणं ही दिवसभराची नोकरी होते. गटकन प्यायलं तर छातीच्या मध्यावर दगड ठेवल्यासारखं वाटतं. जेवणाबरोबर पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मऊसर वाटलेलं, मग गुरगुट्या भात आणि वरण, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं अन्न. हॉस्पिटलगणिक यात थोडा फरक असतो. मराठी घराला हा आहार परका नाही, आजाऱ्यासाठी आपल्याकडे पेज, कढण, सार, ताकाची निवळ, नाचणीचं सत्त्व अशी अख्खी शब्दसंपत्ती आहे. अडतं ते प्रथिनांपाशी. रोज निदान साठ ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि वाटीभर वरणात ती सहा-सात ग्रॅमच असतात. दहा वाट्या वरण या पोटात जाणार कसं? म्हणून ती पावडर, जिच्या वासानेच पुढे मळमळू लागतं.

आता त्या रडण्याकडे, एका जुन्या प्रयोगाच्या वाटेने. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना फुटबॉल स्टेडियमच्या खालच्या खोल्यांत राहायला आणलं. हातात शस्त्र धरायला नकार दिलेले हे स्वयंसेवक होते. युद्धानंतर उपासमारीतून उठणाऱ्या युरोपला पुन्हा कसं जेवू घालावं, हे कीजना शोधायचं होतं. त्यासाठी आधी उपासमार घडवायला हवी होती. बारा आठवडे नीट खाऊ घालून मग चोवीस आठवडे रोज सुमारे १५७० कॅलरी, बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. वजन चतुर्थांशाने उतरलं. पण या प्रयोगावरच्या कीजच्या दोन जाडजूड खंडांतला अंगावर येणारा भाग वजनाचा नाही, मनाचा आहे. ही शांत, तत्त्वनिष्ठ माणसं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, विनोदाला हसेनाशी झाली. त्यांना सतत थंडी वाजे. ताटं चाटून पुसत, जेवण लांबावं म्हणून अन्नात पाणी घालत. काहींनी पाककृतींची पुस्तकं गोळा करायला सुरुवात केली. आधी ज्यांना स्वयंपाकात काडीचा रस नव्हता त्यांनी!

माझ्या बहिणीने त्या दहा दिवसांत फोनवर पनीर लबाबदारचे अकरा व्हिडिओ बघितले होते. आणि तिच्या पोटात दिवसाला पाचशे-सहाशे कॅलरीही जात नव्हत्या.

तुलना ताणायची नाही. मिनेसोटातली मुलं सडपातळ होती, हिच्या शरीरात महिनोन्‌महिने पुरेल एवढी चरबी साठलेली होती, आणि तिची भूक हॉर्मोननेच शमवली होती. तरी इंधनात एवढी अचानक तूट आली की मेंदू खर्चाला कात्री लावतो, आणि पहिली कात्री बसते उत्साहाला. त्यात भुलीचा आणि वेदनाशामकांचा उतार, तुटलेली झोप, चरबी जळताना होणाऱ्या कीटोनमुळे तोंडाला येणारा वास आणि जडपणा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात "कशाला केलं मी हे?" असं वाटणं इतकं सर्रास आहे की ते डिस्चार्जच्या कागदावर छापून द्यायला हवं, असं माझं मत आहे. बहुतेकांना ते ओसरताना दिसतं, आहार वाढू लागतो तसतसं.

पण उरलेला अर्धा भाग हॉर्मोनच्या पलीकडचा आहे, आणि त्याला मराठीत आधीपासून शब्द आहे. आपण 'भूक' वेगळी म्हणतो आणि 'खा-खा' वेगळी. भूक पोटात लागते, कशानेही भागते. खा-खा सुटते, आणि तिला नेमकं काहीतरी हवं असतं. कुरकुरीत, गोड, झणझणीत. घ्रेलिन गेलं तरी मेंदूतले बक्षिसाचे मार्ग, आठवणी, सवयी जागच्या जागी असतात. ऑफिसातून वैतागून आल्यावर चिवड्याचा डबा उघडणाऱ्या बाईचं जठर कापता येतं, वैताग कापता येत नाही. कित्येक वर्षं ज्याने तो शांत केला तो उपाय एका सकाळी काढून घेतला जातो, आणि त्या जागी दुसरं काही ठेवलेलं नसतं. ती रडत होती ते लसणीसाठी नव्हतं. एक जुनी सोबतीण गेली होती आणि तिच्या नावाने सुतक धरायची सोय नव्हती.

म्हणून ऑपरेशनआधीची मानसतज्ज्ञाची भेट सही-शिक्क्यापुरती उरकण्यासारखी नसते. अमेरिकेत युटा राज्यातल्या हजारो बायपास पेशंटचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेल्यांत एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी होते, पण अपघात, आत्महत्या अशा आजाराबाहेरच्या कारणांनी झालेले मृत्यू मात्र इतरांपेक्षा जास्त होते. पहिला आकडा जाहिरातीत असतो. दुसराही पेशंटच्या घरच्यांना ठाऊक हवा. उदासी आठवडेच्या आठवडे हटली नाही, जगण्यात राम वाटेनासा झाला, तर ते 'अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना सांगावं. मानसिक आजाराची औषधं आधीपासून चालू असतील तर ती नव्या पोटात वेगळ्या प्रमाणात शोषली जातात, तेही विचारून घ्यावं. दारूचंही तसंच, बायपासनंतर ती झरकन चढते, आणि खाण्याची जागा दारूने घेतल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्राला चांगली ठाऊक आहेत.

तिसऱ्या आठवड्यात काटा अडकला. पहिल्या पंधरवड्यात सात किलो गेले होते आणि आता आठ दिवस पाव किलोही हलेना. या थांबण्याचं एक कारण पाण्याचं आहे. यकृत आणि स्नायू साखर साठवतात ती ग्लायकोजेनच्या रूपात, आणि दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. उपाशीपणात हा साठा आधी रिकामा होतो, वजन धाडकन उतरतं. थोडं खाणं वाढलं की तो पुन्हा भरू लागतो, चरबी जळत असली तरी काटा दाखवत नाही. तिच्या डाएटिशियनने सरळ वजनकाटाच माळ्यावर ठेवायला सांगितला. तीन-चार महिन्यांनी केस गळतात, त्याचंही असंच: धक्का बसला की केसांची मुळं एकदम विश्रांतीला जातात आणि काही महिन्यांनी परततात. घाबरण्यासारखं त्यात फारसं नाही.

घाबरायचं ते सततच्या उलट्यांना. ब-१ म्हणजे थायमिन हे जीवनसत्त्व शरीरात दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच असतं. आधीच खाणं तुटपुंजं, त्यात रोज उलट्या, आणि गोळ्याही पडून जातात. मग डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. हे मेंदूचं दुखणं आहे, उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर ते बळावतं. गावातल्या दवाखान्यात जायची वेळ आली तर "माझं जठराचं ऑपरेशन झालंय" हे वाक्य पहिलं बोलायचं. मधुमेहाची औषधंही जुन्याच प्रमाणात चालू ठेवायची नाहीत, रक्तातली साखर वजनाच्या आधी, काही दिवसांतच उतरू लागते.

आणि मग माणसं. आपल्याकडे प्रेम वाढून दाखवतात. श्रावण लागला, पाठोपाठ गणपती आले. "एक मोदक, प्रसादाचा तरी!" आत्याबाईंनी वर "शॉर्टकटच घेतलास की गं" हेही ऐकवलं. दिवसभर घड्याळ लावून पेज पिणाऱ्या बाईला कुणी शॉर्टकट म्हणावं, याची मला अजून चीड आहे. सासूबाई मात्र वेगळ्या. चतुर्थीला साबुदाणा समोर ठेवला नाही, नुसत्या स्टार्चला या पोटात जागा नाही हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. "रोजचाच उपास चाललाय तिचा," त्या म्हणाल्या आणि उकडीत तूप न घालता एक सुपारीएवढा मोदक फक्त वास घ्यायला केला.

पोट भरल्याची खूणही नव्याने शिकावी लागते. जुनी खूण म्हणजे ढेकर, जडपणा, सैल केलेली नाडी. नव्या जठरात तिथवर थांबलं तर उलटीच होते. बऱ्याच जणांना त्याआधी एक बारीक इशारा येतो: कुणाला उचकी, कुणाच्या नाकातून पाणी, कुणाला शिंक. अन्नाने ताणलेल्या भिंतीची खबर वाहणाऱ्या नसा घशाच्या शेजारून जातात, त्यातून हे घडत असावं.

आठव्या आठवड्यात तिने पहिला फुलका खाल्ला. अर्धा, दोडक्याच्या भाजीबरोबर. घड्याळ अजून ओट्यावर होतं, पण तिने ते पालथं घातलं होतं. आम्ही बाकीचे जेवून उठलो तरी तिचं चाललं होतं. शेवटचे दोन घास ताटात असताना तिला शिंक आली. तिने ताटाकडे बघितलं, हातातला घास खाली ठेवला आणि ताट उचलून मोरीकडे नेलं.