पंचनाम्याआधीची मदत

पूर ओसरला की पंचनामे, याद्या, मग मदत. हे वरातीमागून घोडे आपल्या चांगलेच ओळखीचे. बांगलादेशात जुलै 2020मध्ये हा क्रम उलटा झाला. तिथे जमुना (आसामातली ब्रह्मपुत्राच; सीमा ओलांडली की नाव बदलते) दरवर्षी नदीपात्रातल्या वाळूच्या बेटांवर, म्हणजे ‘चरां’वर चढते. चरावरच्या कुटुंबाची सगळी मिळकत म्हणजे एखाददुसरी गाय, थोडं धान्य आणि पत्र्याचं घर.

संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीने 52 लाख डॉलर आधीच राखून ठेवले होते. कधी सोडायचे, हेही ठरलेलं होतं: सुमारे दहा दिवस आधीच्या अंदाजाने तयारी, पाच दिवस आधीच्या अंदाजाने वाटप. नव्या बैठका नाहीत, सह्यांसाठी थांबणं नाही. खरी करामत इथेच आहे. हवामानाचे अंदाज आपल्याकडेही असतात.

जागतिक अन्न कार्यक्रमाने कुटुंबामागे 4,500 टका ‘बीकॅश’ या मोबाइल पाकिटात टाकले. इतर संस्थांनी पशुखाद्य आणि बियाणं-धान्य कोरडं ठेवायला घट्ट झाकणाचे ड्रम दिले. रक्कम तशी तुटपुंजीच. तरी ऑक्सफर्डच्या संशोधकांसह झालेल्या पाहणीत आढळलं, की पैसे मिळालेल्या घरांत पुराच्या काळात दिवसभर उपाशी राहण्याची शक्यता 36 टक्क्यांनी कमी होती. तीन महिन्यांनंतरही ही घरं इतरांपेक्षा बऱ्या स्थितीत होती.