निरोपाचे आठवडे : परदेशी शिक्षणाची सांगता आणि परतीची वाट

नागपूर-रायपूर लोहमार्गावर, डोंगरगडच्या अलीकडे दरेकसा हे लहानसे स्थानक आहे. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील हा भाग डोंगराळ व वनाच्छादित असून छत्तीसगडची सीमा येथून जवळच आहे. दरेकसाजवळच्या कचारगड गुंफांत दरवर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा आदी राज्यांतून भाविक येथे येतात आणि 'जय सेवा' या अभिवादनाने परिसर दुमदुमून जातो.

या स्थानाशी निगडित असलेली कथा प्रसिद्ध आहे. काली कंकालीची तेहतीस मुले या गुंफेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि संगीतकार हिरासुका पाटालीर यांच्या प्रयत्नाने ती मुक्त झाली, असे गोंड परंपरा मानते. कथेच्या एका प्रचलित रूपानुसार लिंगोने या मुलांना आपले शिष्य केले, विद्या दिली आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांना चहू दिशांना पाठविले. म्हणजेच शिष्यांनी गुरूचा निरोप घेऊन दूर जावे आणि त्यांच्या वंशजांनी पुन्हा त्याच स्थानी एकत्र यावे, ही कल्पना या भूमीला नवी नाही.

आज हाच प्रवास वेगळ्या स्वरूपात घडू शकतो. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजनेत दरवर्षी २० शिष्यवृत्त्यांची तरतूद आहे. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही परदेशी उच्च शिक्षणासाठी योजना आहे, तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. या योजना प्रामुख्याने पूर्ण अभ्यासक्रमासाठी असतात. याखेरीज दोन विद्यापीठांतील करारानुसार एखादे सत्र परदेशी विद्यापीठात घालवून पदवी मात्र आपल्याच विद्यापीठाची घेण्याची पद्धतही रूढ झाली आहे. दरेकसा परिसर देवरी येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यक्षेत्रात येतो. येथील विद्यार्थ्याला जाण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, याची माहिती मिळविता येते. परंतु परत येताना काय करावयाचे असते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा परामर्श घेतला आहे.

अखेरच्या आठवड्यांचे स्वरूप

परदेशातील सत्राचे शेवटचे चार-सहा आठवडे हे सर्वांत धावपळीचे असतात. परीक्षा, निबंध व प्रकल्प याच काळात येऊन ठेपतात. खोली रिकामी करून द्यावयाची असते, अनामत रक्कम परत घ्यावयाची असते, ग्रंथालयाची पुस्तके जमा करावयाची असतात, बँकेचे खाते व दूरध्वनीची जोडणी बंद करावयाची असते. याच काळात मनही दुभंगलेले असते. घरची ओढ वाढते आणि नव्याने जोडलेली माणसे सुटणार याची हुरहुरही लागते. अशा मनःस्थितीत किरकोळ वाटणारी कामे मागे पडतात आणि नेमकी तीच पुढे अडचणीची ठरतात.

पहिला प्रश्न मुदतीचा होय. प्रवेशपरवाना किती दिवसांचा आहे व अभ्यासक्रम संपल्यावर किती दिवस राहता येते, याचे नियम देशागणिक निराळे आहेत. अमेरिकेत विनिमय कार्यक्रमाखाली गेलेल्या विद्यार्थ्यास कार्यक्रम संपल्यावर निघण्याची तयारी करण्यासाठी ३० दिवस मिळतात. या दिवसांत त्याला कार्यक्रमाखालील काम करता येत नाही. जर्मनीत राहत्या पत्त्याची नोंद स्थानिक कार्यालयात करावी लागते आणि देश सोडताना ती रद्दही करून घ्यावी लागते. ही नोंद रद्द केल्याचा दाखला पुढे बँक, विमा इत्यादी व्यवहार मिटविताना उपयोगी पडतो.

दुसरा प्रश्न गुणपत्रकाचा. एका सत्रासाठी गेलेल्या विद्यार्थ्याने तिकडे मिळविलेले श्रेयांक आपल्या विद्यापीठाने मान्य केले, तरच त्या सत्राचा उपयोग होतो. त्यासाठी परदेशी विद्यापीठाचे अधिकृत गुणपत्रक, अभ्यासक्रमाचा तपशील आणि तासिकांची संख्या ही तिन्ही हाती असणे इष्ट असते. निकाल विद्यार्थी परतल्यानंतर लागणार असेल, तर गुणपत्रक कोणत्या पत्त्यावर व कोणाच्या नावे पाठवावयाचे हे निघण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे.

पूर्ण पदवी घेऊन येणाऱ्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. सार्वजनिक दस्तऐवजांच्या साक्षांकनासंबंधीचा १९६१ चा हेग येथील करार भारताला २००५ पासून लागू झाला. या करारातील एका देशाचा दस्तऐवज दुसऱ्या देशात 'अपोस्टील' या एका शिक्कामोर्तबाने ग्राह्य धरला जातो. मात्र हे शिक्कामोर्तब ज्या देशाने दस्तऐवज दिला त्याच देशात करून घ्यावे लागते. तेथे असताना जे काम थोड्या खटपटीने होते, त्यासाठीच परतल्यावर टपालाने व मध्यस्थांमार्फत दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागतो.

एका अपुऱ्या अभ्यासाची गोष्ट

निघण्यापूर्वीच्या आठवड्यांत केलेल्या व्यवस्थेला किती मोल असते, याचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिजीवनात आढळते.

बडोदे संस्थानचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. पदवी मिळविली. १९१६ मध्ये ते लंडनला निघाले, तेव्हा कोलंबियातील त्यांचे गुरू प्रा. एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र लिहिले. एका विद्यापीठाचा निरोप घेताना दुसऱ्या विद्यापीठाचे दार असे उघडले गेले.

लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्राच्या अभ्यासाबरोबरच बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्येही नाव नोंदविले होते. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतणे त्यांना भाग पडले. जाताना त्यांनी एक गोष्ट मात्र पक्की केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली.

पहिल्या महायुद्धाचे ते दिवस होते. त्यांचे सामान घेऊन येणारी बोट पाणतीराने बुडविली गेली आणि पुस्तकांबरोबर प्रबंधाचे हस्तलिखितही नष्ट झाले. बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर अस्पृश्यतेमुळे त्यांना राहावयास जागाही मिळू दिली गेली नाही आणि त्यांना मुंबईस परतावे लागले. १९१८ मध्ये ते सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगारातून शिल्लक टाकून, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. परवानगीची मुदत तेव्हा संपलेली नव्हती. १९२१ मध्ये एम. एस्सी. व १९२३ मध्ये डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या आणि ते बॅरिस्टरही झाले. प्रा. सेलिग्मन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालूच होता. हस्तलिखित बुडाल्याचे व नवा प्रबंध लिहिल्याचे त्यांनी १९२२ मध्ये आपल्या या गुरूंना कळविले होते. कोलंबियाची डॉक्टरेट त्यांना १९२७ मध्ये रीतसर प्राप्त झाली.

बाबासाहेबांची बुद्धी व चिकाटी असामान्य होती, हे निर्विवाद. परंतु १९१७ मध्ये ती परवानगी हातात नसती, तर त्या चिकाटीसमोर आणखी एक बंद दार उभे राहिले असते. या प्रसंगातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. अपुरे राहिलेले काम पुढे केव्हा व कोणत्या अटीवर पूर्ण करता येईल, याची लेखी नोंद घ्यावी. लेखनाच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवाव्यात. आज संगणकामुळे हे सहज शक्य आहे. आणि गुरुजनांशी संबंध तुटू देऊ नये.

निरोप कसा घ्यावा

निरोप हा केवळ भावनेचा किंवा समारंभाचा विषय नव्हे. ज्या अध्यापकांकडे शिक्षण घेतले, त्यांना प्रत्यक्ष भेटून आपण काय शिकलो व पुढे काय करणार आहोत हे सांगावे. शिफारसपत्राची गरज भासणार असेल तर तेव्हाच विनंती करावी. काही वर्षांनी अनेक विद्यार्थ्यांमधून एकाचे नाव आठवणे अध्यापकांना कठीण जाते. विद्यापीठाचा विपत्ता काही काळाने बंद होऊ शकतो. म्हणून आपला कायमचा विपत्ता सर्वांना कळवावा.

घरमालक, सहनिवासी, ग्रंथालयातील व भोजनगृहातील कर्मचारी यांचाही निरोप घ्यावा. देणे असेल ते चुकते करावे आणि खोली जशी मिळाली तशी परत द्यावी. एखाद्या लहान गावातून गेलेला विद्यार्थी त्या परदेशी विद्यापीठाच्या दृष्टीने त्या भागाचा पहिलाच प्रतिनिधी असू शकतो. त्याच्या वागण्यावरून पुढच्या विद्यार्थ्यांविषयीचे मत बनते, हे ध्यानात असावे.

माणसांचे ऋणानुबंध किती दूरवर टिकतात, हे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून दिसते. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. न्यू जर्सीतील श्रीमती थिओडोशिया कार्पेंटर यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची नेमणूक त्यांना मायदेशी परतण्यापूर्वीच मिळाली होती. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात निवर्तल्या. त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या व त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. परक्या देशातील एका घराने त्यांना शेवटपर्यंत आपले मानले होते.

या कथेत एक सूचनाही दडलेली आहे. विद्यार्थी आपले आजारपण घरी कळवीत नाहीत, कारण घरचे काळजी करतील अशी त्यांना भीती वाटते. परदेशात विमा लागू असेपर्यंतच प्रकृतीची तपासणी करून घेणे आणि वैद्यकीय कागदपत्रे बरोबर आणणे अगत्याचे आहे.

परतल्यावरचा काळ

परदेशात गेल्यावर मन रुळण्यास वेळ लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. परतल्यावरही तसाच काळ येतो, याची जाणीव मात्र कमी असते. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन व्यक्तींच्या मुलाखतींवरून १९५५ मध्ये एक निष्कर्ष मांडला. सुरुवातीचा उत्साह, मग खिन्नता व नंतर समायोजन, असा मनाचा प्रवास इंग्रजी 'यू' अक्षरासारखा असतो, असे त्यांनी म्हटले. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दाम्पत्याने त्यात भर घातली. मायदेशी आल्यावर हाच चढउतार पुन्हा होतो, म्हणून संपूर्ण आकृती 'डब्ल्यू' सारखी होते, असे त्यांनी दाखविले. पुढील संशोधकांनी ही आकृती सर्वांना सारखी लागू पडत नाही असे म्हटले असले, तरी परतलेल्या व्यक्तीला सावरण्यास अवधी लागतो ही गोष्ट मान्य झालेली आहे.

दरेकसासारख्या गावात परतणाऱ्या मुलीला वा मुलाला ही अडचण अधिक जाणवू शकते. तिकडे काय पाहिले हे सांगावे तर ऐकणाऱ्याला त्याचा संदर्भ नसतो. न सांगावे तर 'शिकून गर्व आला' असा समज होतो. गावातील पहिलाच विद्यार्थी असेल तर सल्ला देणारे अनुभवी माणूसही जवळ नसते. त्याच्या मौनाचा अर्थ नाराजी असा लावला जाऊ नये.

गावाचे काम

येथेच शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांचे साहाय्य मोलाचे ठरते. विद्यार्थी परतण्यापूर्वी महिनाभर त्याच्याशी संपर्क साधून गुणपत्रक, शिक्कामोर्तब, हिशेबाच्या पावत्या व प्रवासाची तिकिटे यांची आठवण शिक्षकांनी करून द्यावी. शिष्यवृत्तीचा अंतिम हिशेब सादर करताना या पावत्या लागू शकतात. परतल्यावर सत्काराचा हार घालून कार्यक्रम संपवू नये. शाळेच्या वर्गात मुलांसमोर त्याला निवांत बोलू द्यावे. गोंडी बोलणाऱ्या मुलांना गोंडीतून सांगू द्यावे. अर्ज कसा केला, पैसे कसे पुरविले, थंडीत काय केले, कोणाची मदत झाली, हे प्रश्न मुलांनी विचारावेत. त्याने आणलेली माहिती एका वहीत उतरवून शाळेत ठेवली, तर पुढच्या विद्यार्थ्याला सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही.

परदेशी शिक्षणावर शासनाचा व कुटुंबाचा मोठा खर्च होतो. त्या खर्चाचे फळ पदवीत जसे असते, तसे ते टिकवून ठेवलेल्या संबंधांत व पुढच्या मुलासाठी मोकळ्या राहिलेल्या वाटेतही असते. ही वाट मोकळी राहते की बंद होते, हे पुष्कळदा शेवटच्या काही आठवड्यांत ठरते.

कचारगडच्या यात्रेस येणारे भाविक पौर्णिमेनंतर आपापल्या गावी परततात आणि पुढच्या माघात पुन्हा येतात. निघताना येथील वाट ते विसरत नाहीत. दूरदेशी शिकावयास गेलेल्या मुलानेही तेथून निघताना मागची वाट अशीच मोकळी ठेवावी आणि गावाने त्याच्यासाठी पुढची वाट उजळून ठेवावी, हीच अपेक्षा.